गवताळ मुलखातील तळ रंगवणारा चित्रकार

हिमालयाचे चित्रकार म्हणून निकोलस रोरिक यांचे नाव भारतीय वाचकांना अपरिचित नाही. निळ्या-जांभळ्या शिखरांची त्यांची चित्रे म्हणजेच रोरिक, असे समीकरण रूढ झाले आहे. परंतु हिमालय दृष्टीस पडण्याच्या जवळपास पंधरा वर्षे आधी युरोपात त्यांचा बोलबाला झाला तो रंगभूमीच्या एका पडद्यामुळे. १९०९ साली पॅरिसमध्ये उलगडलेल्या त्या पडद्यावर राजवाडा नव्हता, उद्यान नव्हते, देवालयही नव्हते. तिथे होता गवताळ मैदानात पडलेला एका भटक्या जमातीचा तळ. या तळाचा अर्थ लावू गेल्यास रोरिक यांच्या पुढील आयुष्याची अनेक कोडी उलगडू लागतात, आणि काही नव्याने पडतात.

या नेपथ्यचित्राची एकाहून अधिक रूपे रोरिक यांनी केली. त्यांतील मूळ कल्पना मात्र एकच आहे. क्षितिज पुष्कळ खाली ओढलेले. त्याखाली ठेंगण्या टेकड्यांची रांग आणि पुढे गोल माथ्याचे, तांबूस-तपकिरी तंबू. तंबूंमधून वर चढणाऱ्या धुराच्या बारीक रेषा, आणि उरलेल्या साऱ्या जागेत पिवळे, सोनेरी, तांब्याची झाक असलेले अफाट आकाश. चित्रात युद्धाची खूण शोधून सापडत नाही. तटबंदी नाही, बुरूज नाहीत. तंबूंचा आकार जमिनीच्या उंचवट्यांशी इतका मिळताजुळता आहे की, ते कुणी ठोकलेले नसून भुईतूनच उगवले असावेत असा भास होतो.

हा तळ शत्रूचा आहे, हे लक्षात घेतल्यावर या शांततेचे नवल वाटते. चित्र ज्या संगीतिकेसाठी काढले गेले तिचे नाव 'प्रिन्स इगोर'. बाराव्या शतकातील रशियन सरदार इगोर ११८५ मध्ये पोलोव्त्सी या तुर्की भाषा बोलणाऱ्या भटक्या पशुपालक जमातीवर चालून गेला. स्वारीच्या वाटेवर सूर्यग्रहण लागले. सैन्याने तो अपशकुन मानला, इगोरने मानला नाही. पुढे दारुण पराभव होऊन तो कैद झाला. अलेक्सांद्र बोरोदिन या संगीतकाराने ही कथा संगीतिकेसाठी घेतली. बोरोदिन पेशाने रसायनशास्त्राचे प्राध्यापक. प्रयोगशाळेतून सवड मिळेल तसे ते संगीत लिहीत. १८६९ मध्ये हाती घेतलेले हे काम १८८७ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत अपुरेच राहिले. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह यांनी ते पुरे केले आणि १८९० मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे संगीतिका रंगमंचावर आली.

तिच्या मधल्या अंकात पोलोव्त्सींचा खान कोंचाक आपल्या कैद्याशी पाहुण्यासारखा वागतो. पुन्हा शस्त्र उचलणार नाही एवढे वचन दिल्यास सोडून देतो, असे सांगतो. इगोर ते वचन देत नाही आणि खानाला त्याचा हा प्रामाणिकपणाच आवडतो. मग कैद्याचे मन रिझवण्यासाठी तळावर नाच सुरू होतात. इतिहासाने या प्रसंगाला आणखी एक जोड दिली आहे. इगोर निसटून गेला, पण त्याच्याबरोबर पकडलेल्या मुलाने पुढे कोंचाकाच्याच मुलीशी लग्न केले आणि तो तिला घेऊन मायदेशी परतला. ज्या तळावर बाप बंदी होता, तीच मुलाची सासुरवाडी झाली.

रशियन भाषेत या चित्राला पोलोव्त्सींचा 'स्तान' म्हणतात. मराठीत त्यासाठी कोणता शब्द योजावा, यावर चित्राचा अर्थ बराचसा अवलंबून आहे. 'छावणी' म्हटले की सैन्य आले, पहारे आले. 'तांडा' म्हटले की चालणे आले. 'डेरा' या शब्दात थोडा रुबाब आहे आणि 'तळ' हा शब्द यांपैकी कुणाचीच बाजू घेत नाही. 'पाल' म्हटले की मात्र चार काठ्या, एक कापड आणि त्याखाली मांडलेला संसार डोळ्यांपुढे येतो. रोरिक यांच्यापुढे संहितेतील प्रसंग छावणीचा होता. त्यांनी रंगवले ते पाल. धूर हा त्याचा सर्वांत मोठा पुरावा. धूर आहे म्हणजे चूल आहे आणि चूल आहे म्हणजे कुणीतरी रांधते आहे, लेकरे जेवणाची वाट पाहत आहेत.

हा भेद नागपूर-वर्धा भागातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. नागपूरच्या दक्षिणेस बुटीबोरीची औद्योगिक वसाहत ओलांडली की कपाशीचे रान लागते. पीक निघून शेते मोकळी झाली की, या पट्ट्यात कच्छ-सौराष्ट्राकडून पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या राबारी मेंढपाळांचे कळप दिसू लागतात. स्थानिक लोक त्यांना सरसकट काठेवाडी म्हणतात. त्यांचा संसार उंटाच्या पाठीवर असतो. उलटी टाकलेली बाज, तिच्या पायांच्या मध्ये गोधड्या, हंडे, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि कधी कधी एखादे तान्हे मूल. शेतकऱ्याला मेंढ्यांच्या लेंड्यांचे खत मिळते, मेंढ्यांना चारा मिळतो. हा व्यवहार जुना आहे. तरीही गावात एखादी चोरी झाली की पहिला संशय रानातल्या पालाकडेच जातो. इंग्रज सरकारने तर १८७१ मध्ये कायदा करून असंख्य जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. शिक्का कागदावरून पुसला गेला. नजरेतून तो पुसला गेला, असे म्हणणे धाडसाचे होईल.

वस्तीवाल्यांच्या नजरेला भटक्यांचा तळ हा धोका दिसतो. रशियन इतिहासलेखनातही पोलोव्त्सींचे स्थान बराच काळ असेच, सरहद्दीवर घोंगावणाऱ्या संकटाचे होते. या पार्श्वभूमीवर एका रशियन चित्रकाराला शत्रूच्या तळावर चुलीचा धूर का दिसला, याचे उत्तर त्यांच्या बालपणात शोधावे लागते.

निकोलस रोरिक यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७४ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. वडील कॉन्स्टंटिन हे दस्तऐवज नोंदणीचे काम करणारे प्रतिष्ठित कायदेतज्ज्ञ होते. शहरापासून काही अंतरावर इज्वारा येथे कुटुंबाची जमीन व घर होते. त्या परिसरात जुन्या दफनांवर रचलेले मातीचे उंचवटे होते. घरी आलेल्या एका पुरातत्त्व संशोधकाने लहानग्या निकोलसला ते खणताना जवळ ठेवले आणि मुलाला त्याचा छंद जडला. मातीखालून निघणारी कांस्याची कडी, मडक्यांचे तुकडे, हाडे त्याने स्वतःच्या हातांनी बाहेर काढली. खणणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. थडग्यात कोण शूर होता आणि कोण शत्रू, हे मातीतून कळत नाही. कळते ते एवढेच की, हा माणूस कशातून जेवत होता आणि अंगावर काय घालत होता. इतिहासाकडे भांड्याकुंड्यांच्या बाजूने पाहण्याची ही सवय रोरिक यांना आयुष्यभर पुरली.

मुलाने वकील व्हावे, ही वडिलांची इच्छा. मुलाला चित्रकार व्हायचे होते. तोड अशी निघाली की १८९३ मध्ये त्याने कला अकादमी आणि विद्यापीठातील कायद्याचा अभ्यासक्रम अशा दोन्ही ठिकाणी एकदम नाव घातले. कायद्याच्या पदवीसाठी लिहिलेला प्रबंधही प्राचीन रशियातील कलावंतांच्या कायदेशीर स्थानावर होता. वडिलांना दिलेला शब्द पाळायचा आणि आपलेही सोडायचे नाही, अशी ही तडजोड होती.

अकादमीत त्यांना गुरू लाभले आर्खिप कुइंजी. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील मारिउपोलच्या बाजूला, म्हणजे प्रत्यक्ष गवताळ मैदानाच्या काठी, एका गरीब ग्रीक कुटुंबात कुइंजी यांचा जन्म झाला होता. पोलोव्त्सी ज्या मुलखात गुरे चारत फिरले, त्याच मुलखातली ही भूमी. सपाट जमीन, झाडाचा आडोसा नाही, आणि डोक्यावर न मावणारे आकाश. कुइंजी यांच्या चित्रांत हेच पुनःपुन्हा येते. क्षितिज खाली ओढून आकाशाला बोलू देणे रोरिक त्यांच्याकडून शिकले. १८९७ मध्ये विद्यार्थ्यांच्या असंतोषाची बाजू घेतली म्हणून अकादमीने कुइंजी यांना पदावरून दूर केले, तेव्हा त्यांचे शिष्यही त्यांच्यामागे बाहेर पडले. त्याच वर्षी रोरिक यांचे 'दूत' हे चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहासाठी खरेदी झाले. तेवीस वर्षांच्या चित्रकारासाठी ही मोठीच पावती होती.

१९०१ मध्ये हेलेना शापोश्निकोवा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युरी आणि स्वेतोस्लाव ही त्यांची दोन मुले. १९०३ आणि १९०४ च्या उन्हाळ्यांत पती-पत्नींनी रशियातील जुनी नगरे पालथी घातली. पडके तट, ढासळलेली देवळे यांची रेखाटने केली. प्राचीन रशिया हा आशियाकडे पाठ फिरवून उभा नव्हता, गवताळ मैदानातील भटक्यांशी त्याचे लढाईइतकेच सोयरिकीचे आणि देवघेवीचे नाते होते, हा विचार त्यांच्या मनात या काळात पक्का होत गेला. १९०६ मध्ये ते राजधानीतील एका नामवंत कलाशाळेचे संचालक झाले. शत्रूचा तळ रंगवण्याची वेळ आली तेव्हा वयाची पस्तिशी जवळ आली होती आणि प्रत्यक्ष भटक्यांच्या तळावर मुक्काम करण्याचे दिवस अद्याप दूर होते.

रंगभूमीवर पडदे रंगवणे हे तोवर प्रतिष्ठित चित्रकाराचे काम समजले जात नसे. मराठी रसिकांना ही स्थिती चांगली ठाऊक आहे. संगीत नाटक मंडळ्यांकडे रस्त्याचा, जंगलाचा, दरबाराचा असे ठरलेले गुंडाळी पडदे असत आणि शकुंतलेचे वन तेच दमयंतीचेही वन होई. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे बंधू १९१० च्या सुमारास नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले, तेव्हा पडद्यासाठीच टाळी पडू लागली. रशियातही मामोन्तोव्ह या धनिकाने १८८५ मध्ये स्वतःची संगीतिका मंडळी काढून चित्रकारांना नेपथ्याला बसवले आणि तिथून हवा पालटली. रोरिक त्या पालटलेल्या हवेतले.

सर्गेई दियागिलेव या धडाडीच्या आयोजकाने १९०९ मध्ये रशियन नर्तक-गायकांचा ताफा पॅरिसला नेण्याचे ठरवले. संपूर्ण 'प्रिन्स इगोर' न नेता त्यातील पोलोव्त्सींच्या तळाचा अंक तेवढा उचलला. नृत्ये मिखाईल फोकिन यांनी बसवली. नेपथ्य आणि वेशभूषा रोरिक यांच्याकडे आली.

अशा पडद्याची घडण मोठी कष्टाची असते. चित्रकाराचे मूळ चित्र हातात मावेल एवढेच. त्यावर चौकटी आखायच्या, तशाच चौकटी प्रचंड कापडावर मोठ्या करून आखायच्या आणि चित्र चौकटीगणिक उतरवून काढायचे. रशियन रंगशाळांत हे कापड जमिनीवर अंथरून, लांब दांड्याच्या ब्रशांनी उभ्याने रंगवण्याची पद्धत होती. जवळून पाहिल्यास केवळ डाग आणि फराटे दिसतात. दिव्यांच्या उजेडात, शेवटच्या रांगेतून त्यांचा तंबू होतो. रोरिक यांची रंगयोजना या अंतराचा विचार करून केलेली आहे. बारकावे गाळले, आकार मोठे ठेवले, रंग थोडेच पण दाट वापरले. दोन्ही बाजूंच्या विंगांतून खोली भासवण्याची जुनी युक्तीही त्यांनी टाळली. तळ सलग पसरू दिला. त्यामुळे प्रेक्षक खिडकीतून डोकावत आहे असे न वाटता उघड्या माळावर येऊन उभा आहे असे वाटे.

वेशभूषेची हकिकतही सांगण्याजोगी आहे. पोलोव्त्सी योद्ध्यांच्या आणि स्त्रियांच्या पोशाखांसाठी मध्य आशियातील इकत रेशीम वापरले गेले. सूत आधी रंगवून मग विणण्याची ही रीत आपल्याकडे पाटणच्या पटोळ्यात आणि पोचमपल्लीच्या साडीत आहे. खऱ्या बाजारातले खरे कापड अंगावर असल्याने नर्तकांना नाटकी साज चढला नाही. यांतील काही पोशाख लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जपून ठेवले आहेत.

१९ मे १९०९ रोजी पॅरिसच्या शातले नाट्यगृहात पडदा उघडला. समोरच्या सोनेरी आभाळाखाली तंबूंमधून माणसे उठली आणि नाचू लागली. अडॉल्फ बोल्म यांनी धनुर्धाऱ्यांच्या म्होरक्याचे काम केले. त्या काळी पॅरिसच्या बॅलेत पुरुष नर्तकांना जवळपास स्थानच उरले नव्हते. कित्येकदा पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. तेथे पुरुषांचा हा जथा धनुष्ये उंचावून रंगमंचाच्या कडेपर्यंत धावत आला आणि प्रेक्षक थक्क झाले. एका रात्रीत रशियन नृत्य युरोपभर चर्चेचा विषय झाले. बोरोदिन यांच्या सुरांचे भाग्य तर याहून विचित्र. १९५३ मध्ये अमेरिकेत बगदादच्या पार्श्वभूमीवरील 'किस्मेत' या संगीत नाटकासाठी ते वापरले गेले आणि मृत्यूनंतर सदुसष्ट वर्षांनी बोरोदिन यांना नाट्यक्षेत्रातील टोनी पुरस्कार मिळाला.

या यशात एक गफलत मात्र होती आणि ती नजरेआड करून चालणार नाही. रोरिक यांना जो संसार दिसला, तो पॅरिसच्या प्रेक्षकांना दिसलाच असे नाही. त्यांना दिसला तो रानटी, उन्मत्त पूर्वेकडचा मेळा. टाळ्या त्या मेळ्याला पडल्या. वास्तविक धूर आणि तंबू शांत होते. वादळ फोकिन यांच्या नृत्यात होते. नृत्याच्या झंझावातात पडद्याचे म्हणणे मागे पडले, असे आज म्हणता येते. शिवाय रोरिक यांचाही हा तळ कल्पनेतला होता. पुरातत्त्वाचे ज्ञान, गुरूचे आकाश आणि संग्रहालयातील वस्तू यांतून तो उभा राहिला होता. भटक्यांनी तो पाहिला असता तर त्यांना तो आपला वाटला असता का, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला नाही.

चार वर्षांनी, २९ मे १९१३ रोजी, पॅरिसमध्येच स्ट्राविन्स्की यांच्या 'वसंतविधी'च्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षागृहात अभूतपूर्व गोंधळ झाला. त्याची कथा स्ट्राविन्स्की यांच्यासह रोरिक यांनीच रचली होती आणि नेपथ्य, वेशभूषाही त्यांचीच होती. पुढे महायुद्ध आले. फुप्फुसांच्या आजारामुळे रोरिक १९१६ मध्ये कुटुंबासह फिनलंडच्या बाजूला, लाडोगा सरोवराकाठी राहावयास गेले आणि क्रांतीनंतर रशियाची वाट बंद झाली. १९१९ मध्ये ते लंडनला पोहोचले. तेथेच १९२० मध्ये रवींद्रनाथ टागोर यांच्याशी परिचय झाला. त्यानंतर अमेरिका. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सर्व कला एका छपराखाली शिकवणारी संस्था काढली, त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले, श्रद्धाळू अनुयायीही भोवती जमले. हेलेना यांची ओढ अध्यात्माकडे होती आणि पूर्वेच्या गुरूंचे मार्गदर्शन आपल्याला लाभते, अशी दोघांची श्रद्धा होती. या श्रद्धेने त्यांना बळ दिले तसेच टीकेचे धनीही केले.

डिसेंबर १९२३ मध्ये रोरिक कुटुंब मुंबई बंदरात उतरले. तेथून दार्जिलिंग, सिक्कीम आणि मग १९२५ ते १९२८ अशी मध्य आशियाची प्रदीर्घ मोहीम. लडाख ओलांडून खोतान, काशगर, उरुमची, तेथून अल्ताई आणि मंगोलिया. ऐन पन्नाशीत चित्रकार अखेर त्या मुलखात पोहोचला होता, ज्याचा पडदा त्याने सतरा वर्षांपूर्वी रंगवला होता. मंगोलियात पाहिलेले तंबू खरोखरच गोल माथ्याचे होते. लाकडी जाळीच्या सांगाड्यावर नमदा, म्हणजे दाबून केलेले लोकरीचे जाड कापड, लपेटलेला, मधोमध चूल, वर धूर जाण्यासाठी झरोका. काही घटकांत उभा होणारा आणि तितक्याच लवकर उंटावर लादला जाणारा हा संसार किती काटेकोर बुद्धीतून घडला आहे, हे थंडी अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही.

ती थंडी लवकरच अंगावर आली. ऑक्टोबर १९२७ मध्ये ल्हासाच्या वाटेवर तिबेटी अधिकाऱ्यांनी ताफा चांगथांगच्या पठारावर अडवला. पुढे जाण्याची मनाई आणि मागे फिरण्याचीही. परवानगीची वाट पाहत पाच महिने गेले. पठाराची उंची साडेचार हजार मीटरच्या घरातली, तापमान शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरलेले आणि बरोबरचे तंबू उन्हाळी कापडाचे. त्या हिवाळ्यात ताफ्यातील पाच माणसे दगावली आणि बहुसंख्य जनावरे मेली. भुकेली जनावरे तंबूंपाशी येऊन कोसळत. इगोरसारखाच हा बंदिवास होता. फक्त इथे कोंचाक नव्हता, नाच नव्हता. पॅरिसच्या पडद्यावर ज्या धुराने घरपण आणले होते, त्या धुरासाठी लागणारे शेणाचे गोळे इथे मोजून जाळावे लागत होते. मार्च १९२८ मध्ये सुटका झाली आणि मे महिन्यात मंडळी दार्जिलिंगला परतली. या मोहिमेतून रोरिक यांनी शेकडो चित्रे आणली. त्यांत डोंगर विराट आहेत आणि तंबू, घोडेस्वार, वाटसरू अगदी लहान. माणूस लहान होण्याची ही सुरुवात पडद्याच्या वेळीच झाली होती, पण कारण तेव्हा रचनेचे होते. चांगथांगनंतर ते अनुभवाचे झाले.

या मोहिमेमागे केवळ कला व संशोधन होते की राजकारणही, यावर अभ्यासकांत दुमत आहे. इंग्रजांना रोरिक सोव्हिएतांचे हस्तक वाटत, तर सोव्हिएतांना ते गूढवादी वाटत. सरहद्दीवरून फिरणाऱ्या माणसाकडे दोन्ही बाजूंच्या ठाण्यांनी संशयाने पाहावे, यात भटक्यांच्या दैवाचाच एक वाटा त्यांच्या पदरी आला.

१९२८ मध्ये त्यांनी हिमालयाच्या अभ्यासासाठी 'उरुस्वती' ही संस्था स्थापली आणि वर्षअखेरीस कुलू खोऱ्यातील नग्गर येथे घर केले. युद्धकाळात संग्रहालये, देवालये, विद्यापीठे यांवर तीन लाल वर्तुळांचे निशाण लावून त्यांना संरक्षण द्यावे, ही त्यांची कल्पना. १५ एप्रिल १९३५ रोजी वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसमध्ये अमेरिका खंडांतील २१ राष्ट्रांनी या करारावर सह्या केल्या. रोरिक करार म्हणून तो ओळखला जातो. गंमत अशी की, सह्या होत असताना रोरिक स्वतः पुन्हा गवताळ मैदानात होते. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्यांना मांचुरिया व अंतर्मंगोलियात अवर्षणाला तोंड देणाऱ्या गवतांचे बियाणे गोळा करण्यास पाठवले होते. पडद्यावर ज्या गवताचा केवळ रंग होता, त्याचे बी आता पाकिटांत भरले जात होते. मोहीम मात्र वादात सापडली. त्यांच्या राजकीय हेतूंबद्दल शंका घेतल्या गेल्या, खात्याने हात झटकले, न्यूयॉर्कमधील मुख्य पाठीराखा फिरला, करवसुलीची कारवाई सुरू झाली आणि तेथील संग्रहालय हातचे गेले. अमेरिकेला ते पुन्हा गेले नाहीत.

नग्गरच्या घरात उरलेली वर्षे चित्रे काढण्यात गेली. मे १९४२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू कन्या इंदिरा यांच्यासह तेथे राहून गेले. जर्मन फौजा रशियात खोलवर घुसल्या होत्या. मायदेशाच्या चिंतेने व्याकूळ झालेल्या रोरिक यांनी त्याच वर्षी 'इगोरची स्वारी' हे चित्र रंगवले. ग्रहण लागलेल्या सूर्याखालून रशियन सैन्य निघाले आहे. तेहतीस वर्षांपूर्वी ज्या कथेतून त्यांनी शत्रूची चूल उचलली होती, त्याच कथेतून या वेळी त्यांनी आपल्या बाजूचे भाले उचलले. पोलोव्त्सींचा तळ चित्रात कुठे दिसत नाही. घरावर चालून येणारे सैन्य असताना चित्रकाराला सगळ्यांचे धूर सारखे दिसत नाहीत, असा याचा अर्थ कुणी लावल्यास तो खोडून काढणे कठीण आहे. मात्र इगोरची ती स्वारी पराभवाकडेच निघाली होती, हेही रोरिक यांना पुरेपूर ठाऊक होते.

१९४५ मध्ये धाकटे पुत्र स्वेतोस्लाव यांचा विवाह मालाडच्या बॉम्बे टॉकीजमुळे घरोघरी पोहोचलेल्या अभिनेत्री देविकाराणी यांच्याशी झाला. युद्ध संपल्यावर रोरिक यांनी मायदेशी परतण्यासाठी खटपट केली, परंतु परवानगी आली नाही. १३ डिसेंबर १९४७ रोजी, भारत स्वतंत्र झाल्यानंतर चार महिन्यांनी, नग्गर येथे त्यांचे निधन झाले. हिंदू रीतीने अंत्यसंस्कार करून त्या जागी एक ओबडधोबड शिळा उभारण्यात आली. ज्येष्ठ पुत्र युरी १९५७ मध्ये रशियाला गेले आणि वडिलांची बरीच चित्रे सोबत घेऊन गेले. भारतात राहिलेल्या चित्रांना १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याचे संरक्षण मिळाले. या कायद्याखाली ज्या नऊ चित्रकारांच्या कलाकृती राष्ट्राचा ठेवा म्हणून जाहीर झाल्या, त्यांत राजा रविवर्मा, अमृता शेरगिल आणि टागोर बंधूंच्या रांगेत परदेशात जन्मलेले रोरिक यांचेही नाव आहे. त्यांची चित्रे या देशाबाहेर विकता येत नाहीत.